विटाळ आणि विवेक

गेल्या नाताळाच्या सुमारास कुंडलास एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आला. कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग रात्रभर रस्त्याने घरघरत असे. आमचे यजमान निवृत्त शिक्षक, वय ७८. सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी पवित्र शास्त्राच्या पानांतून एक घडी घातलेला कागद काढून आमच्यापुढे ठेविला. कागदावर दोन रकाने होते. एकावर ‘चालेल’ व दुसऱ्यावर ‘चालणार नाही’ असे मथळे, आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात घरातील नातवंडांनी काय वाचावे, काय ऐकावे व काय पाहावे याची यादी. ‘चालेल’ खाली पवित्र शास्त्र, ‘यात्रिकक्रमण’, ‘स्मृतिचित्रे’, ‘ज्ञानोदया’चे जुने अंक. ‘चालणार नाही’ खाली तुकोबांची गाथा, गीतरामायण, ‘किर्लोस्कर’ मासिकाचे बांधून ठेविलेले जुने खंड, सिनेमे, आणि सर्वांत शेवटी, खाली दोन रेघा ओढून, एकच शब्द : मोबाईल. “तुम्ही स्वतःस टीकाकार म्हणविता,” ते म्हणाले, “तर या यादीवर टीका करा.”

ग्रंथांवर टीका पुष्कळ होते, यादीवर सहसा होत नाही. वस्तुतः कोणत्याही घराची खरी वाङ्मयीन अभिरुची त्याच्या कपाटापेक्षा अशा लेखी अथवा अलिखित यादीतच अधिक स्पष्टपणे वाचावयास मिळते. शिवाय प्रश्न एकट्या आमच्या यजमानांचा नाही. ज्याची आपल्या धर्मावर खरोखर श्रद्धा आहे त्याने आपल्या श्रद्धेस केवळ देवळाच्या पायरीपुरते ठेवावे, आणि वाचताना, पाहताना व विचार करताना तिला बाहेर उभे करावे, हे आम्हांस मान्य नाही. श्रद्धा जर खरी असेल तर ती डोळ्यांवर व कानांवर हक्क सांगणारच. वाद एवढाच, की तो हक्क तिने कोणत्या रीतीने बजावावा.

यादीतील ‘चालेल’ हा रकाना आधी घेतला, कारण यजमानांचा पराभव त्यातच लपलेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि मराठी गद्यातील उत्तमोत्तम ग्रंथांत तिची गणना सर्व धर्मांचे वाचक करीत आले आहेत. यजमानांनी ते पुस्तक ‘आपल्या मंडळीचे’ म्हणून यादीत घातले. पण त्याच्या आरंभीच काय आहे? सोवळ्याच्या वेडाने पछाडलेला एक बाप. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू, मिठापर्यंत, धुऊन घेतल्याखेरीज त्यास चैन पडत नाही. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या निर्मळ विनोदाने सांगितले आहे की वाचक हसत सुटतो. मग हळूहळू ध्यानात येते, की त्या घरातील लहान मुलांस व बायकामाणसांस या शुद्धतेची किंमत केवढी मोजावी लागली असेल. मीठ धुतले तर हाती काय उरते, हे लेखिकेस सांगावे लागत नाही.

आम्ही यजमानांस म्हटले, “तुमच्या यादीचा दुसरा रकाना म्हणजे मीठ धुणेच आहे.” त्यांस ते रुचले नाही. तथापि आमचे म्हणणे आम्ही मागे घेत नाही. कोकणातून, देशावरून ज्या घराण्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारिला त्यांनी शिवाशिव टाकिली, परंतु विटाळाची कल्पना कित्येकांच्या मनातून गेली नाही. ती ताटावरून उठून पुस्तकावर जाऊन बसली. परधर्मीयाच्या हातचे पाणी चालू लागले, त्याचा अभंग चालेनासा झाला. ज्या प्रभूने बाहेरून आत जाणारे माणसास विटाळवीत नाही, अंतःकरणातून बाहेर येणारे विटाळविते असे शिष्यांस बजाविले (मार्काच्या सातव्या अध्यायात हा प्रसंग सविस्तर आहे), त्याच्याच नावाने हे नवे सोवळे पाळले जावे, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे सोवळे कोणाच्या हुकुमाने सुटले नाही. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही चूल निराळी ठेविली. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा स्वतःच्या बुद्धीने विचार केला. आणि तो माणसानेच केला असे मनास पटले तेव्हा सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विचार करण्याची ही सवय, आणि ती करू देणारा नवरा, या दोन गोष्टी त्या पुस्तकातून वगळल्या तर त्यात राहते काय?

आता रेव्हरंड टिळकांकडेच वळू. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, काव्याधर्मावर गोष्टी झाल्या, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत देऊन ती वाचण्याचे वचन घेतले, ही हकीकत मराठी ख्रिस्ती घरांत पोरांनाही ठाऊक असते. पुढचा भाग तितका ध्यानात घेतला जात नाही. टिळक पुस्तके नेहमी हाती पेन्सिल घेऊन वाचीत, लक्षात घेण्याजोग्या स्थळी खूण करीत. हेही पुस्तक त्यांनी त्याच रीतीने उघडले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच मात्र त्यांस तेथून हलवेना. एक विद्वान ब्राह्मण कवी परक्याचे पुस्तक वचनापोटी उघडतो, चिकित्सक हाताने वाचतो, आणि त्या वाचनाने त्याचे आयुष्य पालटते. टिळकांच्या घरी त्या वेळी आमच्या यजमानांच्यासारखी यादी लटकत असती तर? बायबल कोणत्या रकान्यात असते, हे सांगणे नको. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेतील निम्मा गोडवा ज्या माणसाने दिला, तो माणूस ‘चालणार नाही’ या रकान्यातील पुस्तक वाचून ख्रिस्ती झाला, हे ज्यास नीट उमगले त्याच्या हातून असा रकाना सहजासहजी लिहिला जाणार नाही.

आणि तुकोबा? तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळकांचे सांगणे प्रसिद्ध आहे. पलीकडे गेल्यावर त्यांनी पूल जाळला नाही. ‘अभंगांजली’ हे त्यांच्या संग्रहाचे नावच बोलके आहे. कुंडल, मिरज, कोल्हापूर येथील मंडळींत रविवारी जी गीते म्हटली जातात त्यांतील कित्येकांची चाल, लय, आर्जव, देवाशी लडिवाळपणे भांडण्याची तऱ्हा, ही देहूहून आली आहेत. गाथा घराबाहेर ठेवून ती गीते गाणे म्हणजे मुलास मातृभाषा शिकवावयाची आणि आईची ओळख करून द्यावयाची नाही, असा प्रकार आहे.

येथे एका जुन्या, अधिक अवघड उदाहरणाची आठवण होते. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या निर्मितीचे कारण कथेच्या रूपाने आले आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एकजण धर्मगुरूस विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? या प्रश्नात जी व्यथा आहे ती आम्हांस संपूर्ण ग्रंथात सर्वांत मराठी वाटते. मनुष्य उपदेशावाचून काही दिवस राहील, कथेवाचून राहणार नाही. स्टीफन्सने त्या माणसाचे ऐकले. आणि दिले काय, तर ओवीच, पुराणच, ज्या घाटात ज्ञानदेव-एकनाथांची वाणी घडली तोच घाट. त्याच्या ओवीची सरलता व मराठीवरचे त्याचे प्रेम यांबद्दल आदर बाळगूनही समीक्षकाने एक गोष्ट विसरता कामा नये : तो प्रश्न विचारणाऱ्याची पुराणे त्याने आपण होऊन टाकिली नव्हती. ती राजसत्तेच्या धाकाने गेली होती. पुढे १६८४ साली त्याच सत्तेने देशी भाषेवरच फर्मान काढिले. आणि स्टीफन्सच्या पुराणाच्या तीन आवृत्त्या निघूनही त्यांतील छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ते जगले, व १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापले गेले. दुसऱ्याचे ग्रंथ बंद करणाऱ्या हुकुमास आपला कोण व परका कोण हे फार दिवस ओळखता येत नाही.

यावर यजमानांनी एक चांगला आक्षेप घेतला. इफिस येथे नव्या शिष्यांनी जादूटोण्याची पुस्तके जाळली, त्यांची किंमत ५०,००० रौप्य नाणी भरली, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात आहे, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. पण जाळणारे कोण होते हे पाहावे. ती त्यांची स्वतःची पुस्तके होती, त्यांनी ती वाचली होती, वापरली होती, त्यांवर पैसे मिळविले होते; आणि ती टाकावी हा निर्णय त्यांचा होता. शेजाऱ्याच्या घरात शिरून कोणी ती आणली नाहीत. आणि त्याच ग्रंथात, दोनच अध्याय मागे, पौल अथेनैकरांपुढे उभा राहून त्यांच्याच कवींचा आधार घेतो. ते कवी त्याने केव्हा तरी वाचले असलेच पाहिजेत. आम्हांस याहूनही मार्मिक वाटतो तो दानीएल. बाबेलच्या राजवाड्यात त्याने राजाचे पक्वान्न नाकारिले. खास्दी लोकांची विद्या मात्र नाकारिली नाही, उलट तीत तो इतरांस मागे टाकून गेला. आमच्या घरांत नेमके याच्या उलट चालते. परक्यांचे पक्वान्न आम्ही मिटक्या मारीत खातो, आणि पुस्तक तेवढे वर्ज्य!

श्रद्धेने वाङ्मयाची निवड केली म्हणजे वाङ्मयाचे काय होते, याचा दाखला बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त आहे. मराठी कादंबरीचा आरंभ म्हणून १८५७ सालच्या या पुस्तकाचा उल्लेख होतो. त्यात यमुना ज्या ज्या विधवांची दुःखे पाहते, ऐकते, ती स्थळे आजही अंगावर येतात. तेथे पदमनजींच्या श्रद्धेने त्यांस डोळे दिले आहेत. परंतु पात्रे संवाद सोडून व्याख्यान देऊ लागली, की त्याच श्रद्धेने पात्रांचे तोंड बांधले आहे. एकाच लेखकात, एकाच पुस्तकात ही दोन्ही कामे ती करिते. दुर्दैवाने पुढील पुष्कळ ख्रिस्ती लेखकांनी व्याख्यान उचलले आणि पाहणे सोडून दिले. शेवट काय होणार हे पहिल्याच पानावर ठाऊक असलेल्या बोधपर गोष्टींनी कपाटे भरली, आणि त्या गोष्टी मंडळीबाहेर कोणी वाचीना, कालांतराने मंडळीतही वाचीना. ज्यास केवळ निर्धोक तेवढेच वाचावयाचे असते त्याच्यासाठी लिहिणाराही निर्धोकच लिहू लागतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मात्र असे एका वाक्यात निकालात काढता येत नाही. बायबलचे भाषांतर करिताना त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकचा आधार घेतला, आणि हिंदु तत्त्वज्ञानाचा वास ज्यांस येतो असे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळिले. १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले, व १९२४ साली ते केडगावच्या मुक्तिसदनातून बाहेर आले. ज्या बाईस संस्कृत शास्त्रार्थाबद्दल कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविले, तिने आपल्या लेखणीतून संस्कृत वेचून काढावे, ही श्रद्धेने लाविलेली शिस्त खरोखर असामान्य होय. टिळकांनी तेच शब्द जवळ केले. दोघेही ब्राह्मण घराण्यांतील, दोघेही विद्वान, दोघांचीही श्रद्धा संशयातीत. आमचा कौल काव्यापुरता टिळकांच्या बाजूने पडतो. परंतु रमाबाई काही विटाळाच्या भयाने शब्द टाळीत नव्हत्या. त्या शब्दांचे अर्थ त्या इतक्या खोल जाणत होत्या की त्यांनी वाचकाच्या मनात भलतेच काही जागे होईल हे त्यांस कळत होते. आणि मुक्तिसदनातील अल्पशिक्षित बायकांस समजावे अशी साधी बोली त्यांस हवी होती. पूर्ण जाणून टाकणे आणि न जाणता टाकणे यांत जे अंतर आहे ते आमच्या यजमानांच्या यादीत कोठेच दिसत नाही.

‘किर्लोस्कर’चे खंड वर्ज्य ठरल्याचे कारण विचारता यजमान म्हणाले, “त्यात धर्माची टवाळी असे.” असे, हे खरे. कुंडलच्या शेजारीच, पूर्वी कुंडल रोड म्हणविणाऱ्या स्टेशनापाशी, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२०पासून हे मासिक, आणि पुढे १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ निघू लागले. बुवाबाजी, कर्मकांड, पोथीनिष्ठा यांवर शंकरराव किर्लोस्करांनी व त्यांच्या लेखकांनी जो मारा केला तो सनातन्यांस झोंबला. पण आमोस संदेष्टा वाचलेल्या ख्रिस्ती माणसास तो का झोंबावा? अन्यायाने वागणाऱ्यांचे सण व होमबली देवास नकोसे होतात, असे त्या गुराख्याने इस्राएलास सुनावले होतेच. त्या मासिकातील बुद्धिवाद देवापाशी पोहोचत नाही, ही त्याची उणीव आम्हीही मान्य करितो. तथापि ज्या टीकेने आपली श्रद्धा तपासून निघते, ती टीका दोन हाकांच्या अंतरावर छापली जात असता तिच्याकडे पाठ फिरविणे यास भित्रेपणाखेरीज दुसरे नाव आम्हांस सुचत नाही.

गीतरामायणाची गोष्ट यजमानांनी स्वतःच सांगितली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्यास लागू लागले तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. ग. दि. माडगूळकरांचे शिक्षण काही काळ याच कुंडलात झालेले. सुधीर फडक्यांचा आवाज. साऱ्या गावास त्याचा अभिमान. शेजारच्या ओट्यावर रेडिओभोवती आळी जमे. यजमानांच्या वडिलांची सक्त ताकीद, की तिकडे जावयाचे नाही. पोर भिंतीस कान लावून बसे. “मग किती गीते ऐकलीत?” आम्ही विचारले. म्हातारा हसला. छप्पन्नांपैकी निम्मी त्यास आजही पाठ आहेत. वडील गेले, भिंत पडली, गीते राहिली. आणि तरीही त्याने तीच ताकीद स्वतःच्या यादीत उतरविली! आम्ही विचारले, की ती गीते ऐकून तुमची श्रद्धा ढळली काय? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ढळली नाही. पण वडिलांशी खोटे बोलण्याची सवय लागली.” आमच्या साऱ्या युक्तिवादापेक्षा हे एक वाक्य अधिक वजनाचे होते, आणि ते आम्ही त्यांच्या परवानगीने येथे देत आहो.

येथवर आमचा जय झाला असे वाचकांस वाटेल. मोबाईलपाशी मात्र आमचे पाऊल अडखळले. पुस्तक कोणीतरी हाती घ्यावे लागते, आणि मिटले की ते गप्प बसते. हे यंत्र गप्प बसत नाही. आपण काल जे पाहिले त्यावरून ते आज काय दाखवावे हे ठरविते. एक चित्र संपण्यापूर्वीच दुसरे पुढे सारते. आणि ज्यावर नजर खिळते तेच अधिक देते, मग ते सत्य असो वा नसो. येथे निवड करणारा वाचक नाही, वाचकाचीच निवड चाललेली असते. टिळकांची पेन्सिल येथे कोठे चालवावी? पौलाने फिलिप्पैकरांस जे जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध त्याचे मनन करावयास सांगितले. परंतु मननास मुळात थांबणे लागते, आणि थांबणे तेवढेच या यंत्रास मान्य नाही. तेव्हा यजमानांनी त्या शब्दाखाली ओढलेल्या दोन रेघा आम्ही पुसू म्हटले नाही. विटाळ म्हणून नव्हे. लक्ष ही देवाने दिलेली ठेव आहे, आणि ती कोणास किती द्यावी हे ठरविण्याची मुभा सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून हळूहळू काढून घेतली जाते, म्हणून. त्यावर संपूर्ण बंदी हा उपाय नव्हे, हे मात्र आम्ही त्यांस सांगितले. कारण या खेपेस मध्ये भिंतही नाही, नातवाच्या कानातच रेडिओ आहे.

आणि यादीवरची आमची सर्वांत मोठी टीका अशी, की ती एकाच माणसास लागू नव्हती : ती करणाऱ्यास. आमचे यजमान रोज सकाळी स्वतःच्या मोबाईलवरून पंचवीस-तीस जणांस निरोप धाडतात. वर शास्त्रातील एखादे वचन, खाली कोणीतरी पाठविलेला मजकूर. त्या दिवशीचा मजकूर होता, की अमुक पाला उकळून प्याल्याने मधुमेह समूळ जातो, औषधे बंद करावी. हे खरे कशावरून, असे विचारता म्हणाले, “वर वचन होते ना!” याच रेल्वेमार्गावर मिरजेस १८९४ साली डॉक्टर वॉन्लेस यांनी रुग्णालय उभारिले. श्रद्धा आणि परीक्षून घेतलेले ज्ञान एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून कसे उभे राहतात, हे या प्रांताने तेथे पिढ्यान् पिढ्या पाहिले; यजमानांच्या पत्नीवरील शस्त्रक्रियाही तेथेच झाली होती. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा काही न्यायालयापुरती नाही. न तपासलेला निरोप पुढे धाडणे ही साक्षच होय, आणि वर देवाचे वचन लाविले म्हणजे ती शपथेवर दिलेली होते. सर्व गोष्टींची पारख करा, असे थेस्सलनीकाकरांस लिहिणाऱ्या प्रेषिताने पारख करण्याचे काम केवळ नातवंडांस नेमून दिलेले नाही.

हे आम्ही जरा कठोरपणे बोललो, पाहुण्याने बोलू नये इतके. यजमानीणबाई आतून म्हणाल्या, “अहो, हे मी वर्षभर सांगतेय.” त्यांनी मोबाईल हाती घेतला, चष्मा लावून तो निरोप पुन्हा वाचला, आणि ज्यांस ज्यांस पाठविला होता त्यांतील पहिल्या चौघांस तेथल्या तेथे फोन करून औषध बंद करू नये असे सांगितले. चौथ्याने ते आधीच बंद केले होते. त्यास त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मिरजेस डॉक्टरांकडे नेण्याचे ठरविले.

निघण्यापूर्वी त्यांनी यादीचा कागद पुन्हा काढिला. गीतरामायणावर काट मारली. ‘किर्लोस्कर’पुढे प्रश्नचिन्ह घातले. गाथेविषयी त्यांचे म्हणणे असे, की नातू दहावी झाल्यावर ती आपण स्वतः त्याच्यासह वाचू, आधी नाही. आमचे म्हणणे, की आजच आणावी. यावर आमचे एकमत झाले नाही, आणि पत्रव्यवहार अद्याप चालू आहे.